छत्रीखालचा अर्धा पिच्चर

मित्रांनो, छत्री म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर पाऊस येतो. मी पाऊस आला की बंद पडणारी छत्री आहे. हसून घ्या. डहाणूजवळच्या नरपडला समुद्राकडच्या आळीत देवकीबाईंच्या कौलांवर, एका लोखंडी पाइपाला धरून, आकाशाकडं तोंड वासून बसलेली पत्र्याची गोल थाळी तुम्ही रस्त्यावरून बघितली असेल. ती मी. कंपनीच्या कागदावर माझं नाव लांबलचक इंग्रजी आहे, पण त्या नावानं मला गावात कुणी हाक मारलेली नाही. गावात मी छत्री. चौदा वर्षं झाली. खाऱ्या वाऱ्यानं माझी कड गंजून पापडासारखी झाली आहे, आणि कावळ्यांनी माझ्यावर जे काय केलंय ते तुम्ही जेवताना वाचत असाल तर राहू द्या.

माझा जन्म पलीकडच्या गुजरातेतला. एका कारखान्यात सपाट पत्रा मोठ्या दाबाच्या मशीनखाली सरकला, धाडकन दणका बसला आणि मी खोलगट होऊन बाहेर पडले. बारसं झालं ते असं. मग डहाणूचा फिटर जतीन मला स्कूटरला मागं बांधून नरपडला घेऊन आला. त्यानं मला कौलांवर ठोकलं, माझ्या पुढच्या दांड्यावर एक डोळा बसवला, वायर आत सोडली आणि खाली उतरून हात झटकले.

"काकी, बधा चॅनल आवशे. टेन्शन नै लेवानु."

"मला सगळे नको," देवकीबाई म्हणाल्या. "मारामारीवाला कुठला तेवढा दाखव."

जतीन त्यांच्या नवऱ्याकडं बघायला लागला. सदानंदभाऊ म्हणजे बोटीचे तांडेल. पाच-सहा खलाशांना समुद्रात हुकूम सोडणारा माणूस. त्यांनी नुसतं आकाशाकडं बघितलं. घरात कुणाचा हुकूम चालतो ते मला पहिल्याच दिवशी कळलं.

देवकीबाई तेव्हा चाळिशीच्या. किनाऱ्यावर बोंबील आणि जवळा सुकवायच्या आणि सोमवारी तलासरीच्या बाजारात नेऊन विकायच्या. रडायच्या मालिका त्यांना आवडत नाहीत. त्यांचं म्हणणं असं की मालिकेतल्या बायका एक काम हातात घेतात आणि सहा महिने ते तसंच ठेवतात. मारामारीच्या पिच्चरमधी माणूस घेतलेलं काम अडीच तासात उरकून घरी जातो.

तर दर रविवारी दुपारी दोनला, जेवण आटपून, बोंबील उलटून झाले की देवकीबाई भिंतीला टेकून बसायच्या. हिंदी आवाज टाकलेला परदेशी पिच्चर लागायचा. कॉमिकच्या पुस्तकातनं उठून आलेले ते रंगीत कपड्यांचे वीर, उडणारे, जळणारे, भिंतीतून आरपार जाणारे. माझ्या शेजारीच काचेचं एक कौल आहे. त्यातून मला खालचं सगळं दिसतं, आणि देवकीबाईंचा आवाज तर समुद्रावरही पोचतो.

"पदर खोच, मेल्या! पंख्यात जाईल!"

हे त्या पाठीवर लांब कापड सोडून उडणाऱ्या वीराला सांगतायत. बोटीच्या इंजिनाजवळ सैल कपडा घेऊन कोण जातं का? जग वाचवायला निघालाय आणि एवढी अक्कल नाही. दुसऱ्याच्या डोळ्यांवर चार बोटांची पट्टी होती आणि त्याची स्वतःची मैत्रीण त्याला ओळखत नव्हती. "आमी उन्हाचं तोंडभर फडकं बांधून फिरतो," देवकीबाई म्हणाल्या, "तरी गिऱ्हाईक लांबून चालीवरनं ओळखतं आणि उधारी आठवून पलीकडनं जातं. ही काय बघून प्रेमात पडली?" दुष्ट माणूस वीराला बांधून ठेवतो आणि मारायच्या आधी पंधरा मिनिटं भाषण करतो, तेव्हा त्या कपाळावर हात मारायच्या. "ह्यानं दुकान टाकलं असतं तर माल सडला असता." मारामारीत शहर आडवं झालं की पहिला प्रश्न, "आता हे झाडणार कोण?" आणि वीर ढगांतून उतरून शेवटी हसला की दुसरा, "आईला कळवलं का?"

कौतुकही करायच्या. एकदा एका बाईनं मारामारीला उतरायच्या आधी केस वर घेऊन घट्ट बांधले. देवकीबाई सरळ बसल्या. "ही खरी. हिला कामाची सवय आहे."

सदानंदभाऊंचं लक्ष फक्त जहाजांवर. "जहाज आडवं झालं आणि ह्याचा टाय वाकडा नाय झाला," एवढं बोलून ते झोपायचे.

माझं विचाराल तर माझंही मत आहे. पिच्चर आधी माझ्या कपाळावर येतो, मग वायरीतून घरात जातो. हे उडणारे लोक सांगतात की आम्ही आकाशातनं आलो. अरे, तुम्हाला आकाशातनं मी आणते. मी मान जरा वळवली की तुमच्या तोंडाचे चौकोन चौकोन होतात. एवढे मोठे राक्षस ज्यांना हरवू शकले नाहीत, त्यांना मी एका कावळ्याच्या मदतीनं शंभर वेळा हरवलंय.

वादळवाऱ्यात माझी मान फिरायची तेव्हा सदानंदभाऊ शिडी लावून वर यायचे. ते मला ढकलणार आणि देवकीबाई आतून ओरडणार, "आला! आला! ... गेला! ... अगो बाई, गेला!" एकदा असा गेला गेलाचा गजर चालू असताना मागच्या आळीतल्या तीन बाया धावत आल्या. शिडी उभी, तांडेल दिसत नाहीत, आणि घरातून बायको ओरडतेय गेला. त्यांनी दारातच गळा काढला. मग कौलांवरून सदानंदभाऊंनी डोकं बाहेर काढून विचारलं, "कोण गेलं गो?" त्या दिवशी त्या बाया बसून पूर्ण पिच्चर बघून गेल्या. रडणं वाया जाऊ नये म्हणून चहाही घेतला.

ते माझे मानाचे दिवस होते. रविवारी खोलीत बारा-पंधरा माणसं असायची. मग हातोहाती मोबाईल आले. माणसं कमी होत होत देवकीबाई आणि घोरणारे तांडेल एवढेच उरले. माझ्याकडं वर बघणारं कुणी राहिलं नाही. माझा दांडा बरा भक्कम आहे असं बघून देवकीबाईंनी त्याला बोंबलाची दोरी बांधायला सुरुवात केली. आकाशातल्या गोष्टी झेलणाऱ्या माझ्या नशिबी नाकासमोर लटकणारे ओले बोंबील आले. पण मी रुसले नाही, कारण देवकीबाईंचं काम माझ्यावाचून चालत नव्हतं. कुठलं काम, ते ऐका.

सोमवारी सकाळी रघ्याचा टेम्पो आमच्या अंगणात येतो. चार-पाच बाया सुक्या मासळीच्या टोपल्या भरून त्यात बसतात आणि तलासरी गाठतात. रघ्याच्या शेजारी पुढं एकाच माणसाची जागा आहे. बाकीच्यांनी मागं, टोपल्यांच्या फटीत पाय दुमडून बसायचं. केबिनला मागच्या बाजूनं जाळीची छोटी खिडकी आहे. फार वर्षांपासून बायांचा नियम असा की जी वाटेत पिच्चर सांगणार ती पुढं बसणार. तिथनं आवाज जाळीतून मागंही जातो आणि रघ्यालाही मिळतो. ही जागा अर्थात देवकीबाईंची. रविवारी मी आणते, सोमवारी त्या वाटतात. चढ लागला की वीर डोंगरावर चढतो, खड्डा आला की इमारत पडते. रघ्याला गोष्ट आवडली की तो टेम्पो हळू चालवतो, आणि गिऱ्हाईकं तिकडं वाट बघत बसतात.

दोन वर्षांपूर्वी देवकीबाई किनाऱ्यावरच्या चिखलात घसरल्या आणि उजवा गुडघा गेला. डॉक्टरनं सांगितलं, मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही. एकदा पुढची जागा शाळेच्या गुरुजींना द्यावी लागली आणि त्या मागं बसून गेल्या. परत आल्या तेव्हा गुडघा नारळाएवढा झाला होता आणि त्यांना उतरवायला दोघी लागल्या. तेव्हापासून ती जागा म्हणजे नुसता मान राहिला नाही. ती असेल तर तलासरी, नसेल तर घरी बसून बोंबील उलटायचे. बावीस वर्षांची गिऱ्हाईकं, पाड्यापाड्यावरच्या ओळखी, सगळं त्या एका जागेवर बसलेलं.

आणि मग आली हिना. शेजारच्या सुनिलची नवी बायको. पोरगी चांगली, तोंडाची तिखट, हातात मोठा मोबाईल. तीही सुकी मासळी घेऊन तलासरीला यायला लागली. चौथ्या खेपेला तिनं अंगणात सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

"मावशी, तुमचा पिच्चर शिळा असतो. हा मी शुक्रवारीच बघितला. तुमची छत्री आणते तोवर त्याची हाडं पण राहत नाहीत."

"मग तू सांग की," देवकीबाई म्हणाल्या.

"सांगते की. पण मग पुढं मी बसणार. नियम आहे ना?"

नियम होताच. कुणाला देवकीबाईंना दुखवायचं नव्हतं, आणि कुणाला ताजा पिच्चर सोडायचाही नव्हता. शेवटी रघ्यानंच तोड काढली. "पुढच्या रविवारी तुमच्या टीव्हीवर जो लागेल तोच दोघींनी बघायचा. सोमवारी गाडीत चढायच्या आधी दोघींनी शेवट सांगायचा. जिचा शेवट भारी, तिची जागा."

निवाडा करणार बुधीबाई. बुधीबाई वारली समाजाची. आठवडाभर नरपडच्या चिकूच्या वाडीत कामाला असते आणि सोमवारी त्याच टेम्पोतून तलासरीकडच्या आपल्या पाड्यावर जाते. ती मासळी विकत नाही, ती कुणाची भावकी नाही आणि ती उगाच कुणाला बरं म्हणत नाही.

रविवार उजाडला. हिना तिकडं आपल्या घरी मोबाईलवर बघणार होती, देवकीबाई इकडं माझ्यावर. पिच्चर होता 'बिजली का वारिस'. त्यातल्या वीराच्या अंगात वीज. जाहिराती बघून बाया त्याला आधीपासून बिजलीवाला म्हणायला लागल्या होत्या. त्याच्यासमोर एक टकल्या शास्त्रज्ञ. टकल्यानं एक मशीन बनवलंय, आणि त्या मशीननं तो अख्खा समुद्र ओढून घेणार आहे. समुद्र चोरणार म्हटल्यावर देवकीबाई भिंत सोडून पुढं सरकल्या. मी पण जीव लावून झेलत होते.

पण मित्रांनो, आता मला माझी चूक सांगायची आहे. म्हणजे चूक माझी नाही, बोंबलाची आहे. आदल्या दिवशी दोऱ्या कमी पडल्या म्हणून देवकीबाईंनी सदानंदभाऊंना सांगून माझ्या दांड्यापासून माडापर्यंत नवी दोरी ताणली होती. तिच्यावर दोनशे बोंबील. सदानंदभाऊ बोटीच्या कामाला डहाणूला गेलेले. तीन वाजून गेल्यावर वारा उठला. दोरी झोके घ्यायला लागली. माझ्या मानेतला नट आधीच गंजलेला. टकल्यानं बटण दाबलं, समुद्र लांब लांब मागं गेला, होड्या चिखलात आडव्या पडल्या, बिजलीवाला चिखलात पालथा, आणि कर्र झालं. माझी मान दोन बोटं वळली. इथली दोन बोटं म्हणजे आकाशात हजारो मैल. खाली पडद्यावर निळी पाटी आली: सिग्नल नाही.

देवकीबाई अंगणात आल्या. गुडघ्यामुळं शिडी चढता येत नाही. शेजारी सुनिल होता, पण तो हिनाचा नवरा. त्याला हाक मारली असती तर हिनाला कळलं असतं. त्यांनी मला आधी समजावलं. मग शिव्या दिल्या. मग नारळाचं सोडण फेकून मारलं. ते बोंबलांना लागलं आणि मी आणखी एक बोट वळले.

संध्याकाळी सदानंदभाऊ आले, वर चढले, मला सरळ केलं. तोवर पिच्चर संपून साबणाची जाहिरात चालू होती.

"खरं सांगून टाक," ते म्हणाले. "अर्धाच बघितला म्हण."

"आणि मागं बसू?" देवकीबाई म्हणाल्या. तांडेल शिडी उचलून परत जागेवर ठेवायला गेले.

सोमवारी उजाडता उजाडता टेम्पो अंगणात लागला. टोपल्या चढल्या. बाया गोल करून उभ्या राहिल्या. वाढवणची एक ताई आमच्याकडं बहिणीच्या घरी राहायची आणि तीही खेपेला यायची. तिच्या गावासमोरच्या समुद्रात मोठं बंदर होणार आहे, त्यामुळं समुद्र कुणी उचलून नेणार अशी गंमत चालली की ती हसत नाही. बुधीबाई पायरीवर बसली. रघ्यानं इंजिन चालूच ठेवलं.

"चला मावशी, तुम्ही मोठ्या, तुम्ही आधी," हिना म्हणाली.

"नाय गो पोरी. तू नवी आहेस. तू आधी."

मी वरून बघत होते. बाया म्हणाल्या, बघा देवकीचं मन किती मोठं. मन कसलं मोठं! मला डाव दिसला. हिना शेवट सांगणार, तो ऐकून घ्यायचा, आणि मग तोच शेवट देवकीबाई आपल्या आवाजात असा रंगवून सांगणार की हिना फिकी पडेल. बावीस वर्षं बाजारात बसलेल्या बाईचं डोकं आहे ते. मला अभिमान वाटला.

हिनानं सांगितलं. पटापट सांगितलं, पण नीट सांगितलं. "मग बिजलीवाला उठतो. आकाशातनं मोठी वीज त्याच्यावर पडते, त्याच्यात पावर येते. तो उडून जातो आणि मशीनला एकच ठोसा मारतो. मशीन फुटतं, एवढा मोठा ब्लास्ट! अर्धं शहर उडतं. सगळं पाणी धाडकन परत येतं. टकल्या मरतो. मग बिजलीवाला आणि ती हिरोईन गच्चीवर उभे राहतात. संपला."

"पाण्याबरोबर मासली आली का परत?" बुधीबाईनं विचारलं.

हिना थांबली. "ते काय दाखवलं नाय."

"बरं." बुधीबाईनं देवकीबाईंकडं मान वळवली. "तू बोल."

आता फक्त तोच शेवट परत सांगायचा होता. तयार माल हातात होता. देवकीबाईंनी तोंड उघडलं. "मग बिजलीवाला उठतो," त्या म्हणाल्या. आणि थांबल्या. त्यांचा चेहरा असा झाला की जणू कुणी कालचं पापलेट आजचं म्हणून पुढं केलंय.

"नाय उठत," त्या म्हणाल्या. "कशाला उठेल? वीज वरनं पडायची, ह्यानं ठोसा मारायचा आणि शहर उडवायचं, हा काय शेवट आहे? समुद्र फुटलेल्या डब्यातनं सांडतो काय? मी नाय सांगणार हे. बिजलीवाला चिखलात पडून राहतो. आणि तिकडनं त्याची आई येते."

"आई?" हिना ओरडली. "आई तर पहिल्या सीनलाच संपली!"

"संपली नव्हती, ह्यांनी विसरून सोडली होती. ती येते चिखलातनं, लुगडं खोचून, डोक्यावर टोपली."

"मावशी, ती गोरी आहे! फ्रॉकमधी आहे!"

"मग फ्रॉक खोचून येते. मधी बोलू नकोस. तर आई येते आणि टकल्याच्या समोर उभी राहते. म्हणते, कितीला दिला समुद्र?"

बायांमधी कुणीतरी फुसकन हसलं.

"टकल्या म्हणतो, विकायचा नाय. आई म्हणते, विकायचा नाय तर मांडून कशाला बसलाय? मग वाकून वास घेते. म्हणते, ताजा नाय वाटत. टकल्याला लागतं ते. तो म्हणतो, ताजा नाय म्हणजे? आत्ता ओढलाय! आई म्हणते, कशानं ओढला? झालं! टकल्याला तेच पाहिजे. तो सांगायला लागतो. मशीन कसं बनवलं, लहानपणी पोरं कशी चिडवायची, टक्कल कधी पडलं. आई टोपली खाली ठेवते, त्याच्यावर बसते आणि म्हणते, मग? तो एक तास सांगतो. आई म्हणते, मग? तो दुसरा तास सांगतो. बिजलीवाला चिखलातनं हळूच विचारतो, आई, मारू का? आई म्हणते, गप पडून राहा, मोठी माणसं बोलतायत."

इंजिन बंद झालं होतं. रघ्या केबिनमधून उतरून बोनेटला टेकला होता.

"सहा तास झाले. टकल्याच्या बुटाला पाणी लागलं. तो म्हणतो, मशीन गळतंय काय? आई काय बोलत नाय. पाणी घोट्याला आलं. गुडघ्याला आलं. टकल्या पळत जाऊन मशीन उघडतो. आत एक थेंब नाय. कोरडं ठणठणीत. अरे, चालूच झालं नव्हतं ते! ह्यानं बटण दाबायला आणि ओहोटी लागायला एकच वेळ आली. शहरातला माणूस. त्याला वाटलं, समुद्र आपण नेला."

मग वाढवणची ताई हसली. आधी हळू, मग पोट धरून. "त्याला वाटलं आपण नेला!" असं म्हणत ती टोपलीवरच बसली. तिच्या मागून सगळ्या. रघ्यानं बोनेटवर थापा मारल्या. सदानंदभाऊ दारात उभे होते, तेही म्हणाले, "भरतीचा हिशोब बरोबर आहे. सहा तासच."

हिना मात्र लाल झाली. "हे असं नाहीच आहे पिच्चरमधी! बुधीकाकी, मी पूर्ण बघितलाय. हे सगळं खोटं आहे!"

"खोटंच आहे," देवकीबाई म्हणाल्या. हसणं थांबलं. "मी अर्धाच बघितला. काल छत्री फिरली माझी. पुढचं मला माहीत नव्हतं. तुझा शेवट ऐकून तोच सांगणार होते, पण मला तो गिळवला नाय. आता सांगा काय ते."

बुधीबाई पायरीवर तशीच बसलेली. तिनं पिशवी उचलून मांडीवर घेतली. "मासली आली का?"

"आली. पहिली निवटी आली, चिखलात उड्या मारत. मग कोळंबी. मग बोंबील, आणि त्यांच्या मागं मोठी घोळ मासळी. बिजलीवाल्याला एका खेकड्यानं धरला तेव्हा कुठं तो उठला."

"आणि टकल्याचं काय झालं?"

मित्रांनो, इथं देवकीबाईंनी जे केलं ते बघून मला जागच्या जागी गरागरा फिरावंसं वाटलं. त्यांनी पदर नीट केला. टेम्पोकडं बघितलं. गुडघ्यावर हात ठेवला.

"ते पुढं बसून सांगते," त्या म्हणाल्या.

बुधीबाई ताडकन उठली. "पोरी," ती हिनाला म्हणाली, "तुझा संपला. हिचं मला अजून विचारायचं राहिलंय. चढवा गो हिला पुढं!"

मग काय विचारता! दोघींनी देवकीबाईंना धरलं, रघ्यानं दार उघडून रुमालानं सीट पुसली, ताईनं मागून जोर लावला. वीर ढगांतून उतरताना बघितलेत मी चौदा वर्षं, पण इतक्या थाटात टेम्पोत चढताना कुणाला बघितलं नव्हतं. उजवा पाय लांब करून, हात खिडकीबाहेर टाकून देवकीबाई बसल्या. सदानंदभाऊंनी दारातूनच दोन बोटांनी सलाम ठोकला. त्या माणसानं आजवर असा सलाम फक्त समुद्राला केलेला मी बघितलाय.

हिना थोडा वेळ तोंड फुगवून उभी राहिली. मग तिनं मोबाईल कमरेला खोचला, मागं चढली, आणि दोन टोपल्या सरकवून बरोबर जाळीच्या खिडकीला तोंड लावून बसली.

"मावशी, जोरात बोला हां! मागं ऐकू येत नाय. टकल्याचं काय झालं?"

रघ्यानं इंजिन चालू केलं आणि टेम्पो वळणावरून दिसेनासा झाला. मला पाय नाहीत. मी राहिले कौलांवर, बोंबलांच्या सोबतीला. टकल्याचं काय झालं ते मला आजतागायत कळलेलं नाही. जगातले सगळे पिच्चर माझ्या कपाळावरून जातात, आणि जो बघायचा होता तोच रघ्याच्या टेम्पोत बसून तलासरीला गेला.

तर मित्रांनो, निरोप घेताना दोन गोष्टी मागते. तुमच्या घरावर माझ्यासारखी एखादी असेल तर वर्षातून एकदा वर चढून तिच्या मानेच्या नटाला तेलाचे दोन थेंब द्या, आणि बोंबील दुसरीकडं बांधा. आणि तुमच्या घरात, गाडीत, आळीत जे कुणी गोष्ट सांगत असेल, त्याचा गुडघा दुखतोय का ते विचारा. दुखत असो नसो, पाय लांब करता येईल अशी जागा त्याला द्या. मागं टोपल्यांत बसायला आपण आहोतच. आणि तुमच्यापैकी कुणी सोमवारी तलासरीला गेलंच, तर तेवढं टकल्याचं विचारून या. येताना खालूनच ओरडून सांगा. माझा कान चांगला मोठा आहे.